पाचवीला पुजलेली शाळा

मे महिन्यात आमच्या पंचक्रोशीत दोन प्रकारची माणसं मोटारसायकलवरून दारोदार फिरतात. एक लग्नपत्रिका वाटणारी आणि दुसरी पाचवीला पोरं मागणारी. लांबून ओळखू येत नाहीत. दोघांच्याही खांद्याला पिशवी, डोक्याला रुमाल, हातात यादी. दोघंही आधी तांब्याभर पाणी पितात, मग पावसाचं विचारतात आणि मग मुद्द्यावर येतात. फरक एवढाच की पत्रिकावाला 'सहकुटुंब या' म्हणतो आणि मास्तर 'निदान धाकटा तरी द्या' म्हणतात.

माझ्या आक्काला सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावात दिलंय, तिथं ही मागणी एक मेला सुरू होते. एक मे हा आपल्याकडं भलता सोयीचा दिवस. महाराष्ट्र दिन तोच, 1962 साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या तोही तोच, आणि शाळांचा निकालही बहुधा त्याच दिवशी. सकाळी झेंडा, मग प्रगतिपुस्तक, आणि पोरगं ते घेऊन घरी पोचायच्या आत दारात पाचवीवाले हजर. यंदा माझा भाचा चौथी झाला. मी यात्रेसाठी गेलो होतो. दाजी म्हणाले, "बरं झालं आलात. तुम्ही पुण्यात ऱ्हाता, तुम्हाला शाळांतलं कळतंय. जरा बघून सांगा कुठली बरी." पुण्यात माझा शाळेशी संबंध इतकाच की सकाळी एका शाळेच्या बसेस माझी गाडी गल्लीतून बाहेर काढू देत नाहीत. पण गावाकडं गेलेल्या पुणेकराला कुठल्याही विषयातलं कळतंच. नाही म्हटलं तर भाव खातोय म्हणतात.

आता ज्याला मधली शाळा म्हणावी अशी शाळा आपल्याकडं कागदावर आहे, जमिनीवर तिची वेगळी इमारत सहसा सापडत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 2010 च्या एक एप्रिलला. (तारखेवर मी काही बोलत नाही.) त्यात आणि त्याखालच्या नियमांत सगळं सुतात आहे. पहिली ते पाचवी घरापासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवी तीन किलोमीटरच्या आत. पण आमच्या शाळा कायद्याच्या कितीतरी आधीच्या. जुन्या हिशेबानं चौथीपर्यंत गावची शाळा, सातवीपर्यंत जरा मोठ्या गावची आणि पुढं हायस्कूल. कायद्यानं रेघ मारली पाचवीला आणि आठवीला, भिंती उभ्या चौथीला आणि सातवीला. त्यामुळं चौथीवाले पाचवी मागतात, सातवीवाले आठवी मागतात, आणि हायस्कूलवाले म्हणतात, पाचवी ते दहावी आमच्याकडं पहिल्यापासूनच आहे, तुम्ही मध्ये तोंड घालू नका. पाचवीचा वर्ग म्हणजे बांधावरचा आंबा झालाय. मूळ कुणाच्याही रानात असो, पाड लागला की काठ्या दोन्हीकडून.

भाच्यापुढं तीन वाटा होत्या. ओढ्यापलीकडची जिल्हा परिषदेची केंद्रशाळा, माळावरचं एका संस्थेचं अनुदानित हायस्कूल आणि तालुक्याच्या गावातली नगरपालिकेची शाळा. एक इंग्रजी माध्यमाची पिवळी बसही सकाळी गावातून हॉर्न वाजवत जाते. पण तिची फी ऐकून दाजींनी तो विषय गोठ्यातच मिटवला.

मास्तर मंडळी एवढ्या उन्हात का फिरतात, ते आधी सांगायला हवं. 30 सप्टेंबरला शाळेच्या पटावर किती पोरं, यावर संचमान्यता ठरत आली. संचमान्यतेवर पदं. पट घसरला की पद गेलं, पद गेलं की त्या खुर्चीवरचा माणूस अतिरिक्त. मग त्याचं समायोजन होतं, म्हणजे बायको एका तालुक्यात, गृहकर्जाचं घर दुसऱ्या तालुक्यात आणि तो तिसऱ्या. त्यामुळं आमच्याकडं चौथी पास झालेल्या पोराकडं मास्तर ज्या प्रेमानं बघतात, त्या प्रेमानं पोराची सख्खी आत्यासुद्धा बघत नाही. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोर शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. आता पोर आलं नाही तर दंड मास्तरला बसतो, आणि तो रुपयात मोजण्यासारखा नाही.

पट ही चीज किती मोलाची, हे 2011 च्या ऑक्टोबरात सगळ्या राज्याला कळलं. सरकारनं तीन दिवस एकाच वेळी सगळीकडं पटपडताळणी केली. एकच पोर सकाळी या शाळेत आणि दुपारी त्या शाळेत मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना शाई लावली. तेव्हा लाखो नावं अशी निघाली की ज्यांना पोरंच नव्हती. दाजींचे वडील, म्हणजे आबा, सातवी फायनल झालेले. ते म्हणतात, "मत न देता बोटाला शाई लागलेली ही पहिलीच पिढी."

तर मी गेलो होतो त्या दिवशी दुपारी आक्काच्या ओसरीवर त्या तिघांतले दोन पक्ष एकदमच येऊन टेकले. हायस्कूलचे दोन सर, त्यातले एक खेळाचे. केंद्रशाळेचे एक गुरुजी आणि एक बाई. तिघं पुरुष एकमेकांना 'या या' करून एकाच कॉटवर बसले, कारण ओसरीवर कॉट एकच होती. हायस्कूलच्या सरांनी दप्तर देऊ केलं. गुरुजींनी दप्तर आणि कंपासपेटी. सर म्हणाले, स्वेटर. बाहेर बेचाळीस अंश तापमान होतं आणि उमेदवार उघडा बसून कलिंगड खात होता. गुरुजी म्हणाले, येण्याजाण्याला रिक्षा, भाडं आम्ही शिक्षक वर्गणी काढून भरतो. खेळाच्या सरांनी भाच्याचा दंड चाचपून पाहिला आणि "कबड्डीला चालेल," असं दुसऱ्या सरांना हळूच सांगितलं. पोरगं तेवढ्यात म्हणालं, "मोबाईल देता का?" दोन्ही पक्ष हसले, पण दोघांनीही एकदम नाही म्हटलं नाही, हे मी पाहिलं.

दुसऱ्या शाळेविषयी वाईट मात्र कुणी अक्षर बोललं नाही. "चांगलीच आहे की ती शाळा. फक्त…" एवढंच. हा 'फक्त' आमच्या भागात फार पोचलेला शब्द आहे. त्याच्यापुढं काही बोलायचं नसतं. चहाची बशी खाली ठेवायची, ओसरीच्या वाशाकडं बघायचं आणि ऐकणाऱ्याला त्याच्या कुवतीप्रमाणं घाबरू द्यायचं. केंद्रशाळेच्या बाई तेवढ्या या सगळ्यात पडल्या नाहीत. त्या आल्या तशा सरळ स्वयंपाकघरात गेल्या, आक्काच्या माहेरचं गाव विचारलं, त्यांची मावसबहीण त्याच गावात निघाली, आणि ओसरीवर स्वेटरवर घासाघीस चालू असताना आत चुलीपाशी निम्मा प्रवेश होऊन गेला होता.

तरी दाजींनी ठरवलं की शाळा डोळ्यांनी बघायच्या. सुट्टी असली तरी प्रवेशासाठी ऑफिस उघडं असतं. मी समोरून बघत होतो आणि दाजी थेट मागं जात होते. त्यांचं म्हणणं असं की पुढून सगळ्याच रंगवलेल्या असतात. संडासाला दार, दाराला कडी आणि टाकीत पाणी आहे का ते बघायचं. एके ठिकाणी संडास चकचकीत होता आणि त्याला कुलूप होतं. "स्वच्छ राहावा म्हणून," मुख्याध्यापक म्हणाले. दाजींनी मान हलवली. पोरींसाठीची चावी कुणाकडं असते, हे आक्कानं विचारून यायला सांगितलं होतं. ते विचारल्यावर मुख्याध्यापक जरा थांबले आणि शिपायाकडं बघू लागले. माझ्या मते कुठल्याही शाळेची सगळी तपासणी या एका प्रश्नात उरकते. पण तपासणीच्या नमुन्यात हा रकाना मी कुठं पाहिलेला नाही.

बाकी समोरून खरंच बघण्यासारखं असतं. बोलक्या भिंती आल्यापासून आमच्या शाळांना बोलायला तोंड पुरत नाही. पायऱ्यांवर पाढे, खांबांवर म्हणी, कंपाउंडवर समाजसुधारक. केंद्रशाळेच्या भिंतीवर भारताचा मोठा नकाशा आहे आणि मध्य प्रदेशाच्या जागी खिडकी आलीय. त्यामुळं आमच्या भागातल्या तीन-चार पिढ्या नागपूरच्या वर एकदम आग्रा समजतात. मधल्या काळात शाळांना आयएसओ मानांकनाचं वेड लागलं होतं. ते फलक अजून आहेत, 9001 हा आकडा पिनकोड असावा असा गावाचा समज. पुढं 2024 मध्ये 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियान आलं आणि परसबागेला गुण मिळू लागले. दोन गावांतली तुलना मग मेथीवर आली. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आठवडी बाजारात मुळासकटच्या जुड्यांना चांगला भाव आला होता म्हणतात. मी प्रत्यक्ष पाहिलं नाही, पण ज्यानं विकल्या त्याच्याशी बोललोय.

डिजिटल वर्गाचं थोडक्यात सांगतो. फळा कपाटात, कपाटाची चावी मुख्याध्यापकांकडं, मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला. मीटिंग डिजिटल शाळेची.

खिचडीच्या बाबतीत भाच्याची माहिती माझ्यापेक्षा पक्की होती. क्रिकेटच्या माळावर पंचक्रोशीतल्या सगळ्या शाळांची पोरं येतात आणि कुठल्या शाळेत डाळ तळाशी असते, कुठं मावशी वरून ढवळून वाढतात, कुठं शेंगदाणे नुसते बिलात असतात, याचा तिथं रोज आढावा होतो. मी जरा शिकलेला दिसावं म्हणून आकडे सांगितले. पोषण आहारात पहिली ते पाचवीला दर पोरामागं 100 ग्रॅम तांदूळ आणि 450 कॅलरी. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम आणि 700 कॅलरी. भाच्यानं विचार केला. "म्हंजे पाचवीला हायस्कुलात गेलं तरी शंभरच?" म्हटलं, शंभरच. "मग सहावीतच घाला की." कायद्यातली रेघ पाचवीला का मारलीय, हे पोटातून कळलेला माझ्या माहितीतला हा पहिलाच माणूस. अंड्याचं प्रकरणही त्याला तोंडपाठ होतं. 2023 च्या अखेरीला आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. त्या दिवशी पट भरलेला असायचा, आणि कट्टर माळकऱ्याचं पोरगंसुद्धा अर्धा तास कुठल्या रांगेत उभं राहावं याचा विचार करायचं. पुढं सरकारनं हात आखडला आणि अंडं लोकवर्गणीवर गेलं. लोकवर्गणीचं अंडं कसं असतं हे सांगायची गरज नाही. ते बहुधा पंधरा ऑगस्टला असतं.

आता शिकलेल्या पालकांचं माप. निकाल. चौथीपर्यंत पोराला पाढे येतात का, हे विचारणारा बाप पाचवीपासून एकदम 'नवोदयला किती लागले?' असं विचारायला लागतो. जवाहर नवोदय विद्यालयांची सुरुवात 1985-86 साली हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीला झाली. पाचवीत परीक्षा, सहावीत प्रवेश, शाळेमागं साधारण 80 जागा, राहणं-खाणं-शिकणं सगळं सरकारचं. दोन तासांत 80 प्रश्न, त्यातले 40 आकृत्यांचे. त्या आकृत्यांनी आमच्या पंचक्रोशीत कहर केलाय. बाप लोक पारावर बसून चौकोनात काळा त्रिकोण कुठं जाईल यावर भांडतात. एखाद्या शाळेचं एक पोरगं लागलं की त्याचा फ्लेक्स लागतो, आणि तो पुढचं पोरगं लागेपर्यंत उतरत नाही. हायस्कूलच्या फाटकावरच्या फ्लेक्समधला गुणवंत बालक मला यात्रेच्या एसटीत भेटला. त्याला मिशा होत्या.

शिष्यवृत्तीचं निराळंच. ही परीक्षा वर्षानुवर्षं चौथीला आणि सातवीला होती. गावच्या चौथीच्या शाळेची सगळी अब्रू तिच्यावर. 2016-17 पासून ती पाचवी आणि आठवीला नेली. एका दिवसात चौथीच्या शाळा भणंग झाल्या आणि हायस्कूलनं पाचवीच्या जोरावर मोठा फलक रंगवून घेतला. आता ती परत चौथी-सातवीला आणायचं ठरलंय. या सगळ्यात पोरांच्या बुद्धीत काही चढउतार झाला असेल असं मला वाटत नाही. गावातल्या पेंटरच्या उत्पन्नात मात्र दोन्ही वेळा झाला.

आक्काचं माप याहून सोपं. तिची थोरली मुलगी सातवीपर्यंत केंद्रशाळेत होती, गेल्या वर्षी आठवीला हायस्कुलात गेली. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटी फुकट, त्यामुळं ती ऐटीत पास दाखवून जाते. आक्का म्हणाली, "ताईसंगं जाईल, ताईसंगं येईल. मला घोर न्हाई." झालं असतं तसंच. पण भाची आतून पदराला, म्हणजे ओढणीला, हात पुसत आली आणि म्हणाली, "त्यो माझ्या शाळेत नको."

कारण विचारल्यावर तिनं आधी नेहमीची कारणं सांगितली. तो एसटीत खिडकीतनं हात बाहेर काढतो, तो माझ्या मैत्रिणींना माझं घरचं नाव सांगतो. मग दप्तरातून एक वही आणि कपाटावरून दुसरी वही काढली. एक आठवीची गणिताची, एक सातवीची. तिचं म्हणणं, तुम्ही शाळा बघत हिंडताय ते हे बघा.

आठवीच्या वहीत पानापानावर लाल शाईची 'बरोबर'ची खूण, खाली सही, तारीख. फार देखणी वही. एके ठिकाणी तिनं घाईत सात आठे चोपन्न लिहिलं होतं. त्यावरूनही तीच खूण झोकदार गेली होती, शेपटी थेट समासात. साहजिक होतं म्हणा. सरांच्या तीन तुकड्या, पोरं साठ-साठ, आणि वह्या तपासल्या का ते बघायला वरून माणूस येणार. त्या माणसाला खूण दिसली की पुरे. सातवीची वही मळकी होती. कोपरे दुमडलेले, मध्ये डाळीचा डाग. त्यात लाल शाई कमीच होती. पण समासात पेन्सिलनं बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं. 'उत्तर बरोबर. मधली पायरी कुठं गेली?' 'हे दुसऱ्या रीतीनं कर बघू.' एके ठिकाणी नुसतंच, 'का?' आणि त्याखाली भाचीनं तेवढ्याच बारीक अक्षरांत उत्तर दिलं होतं. चार पानं पुढं परत गुरुजींचं, परत तिचं. वर्षभर दोघांची समासात अशी चर्चा चाललेली.

दाजींनी वही हातात घेतली, उलटी धरली, सुलटी केली. ते फार शिकलेले नाहीत, पण दुधाच्या हिशेबात डेअरीवाल्याला चूक दाखवतात. ती 'मधली पायरी' त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचली. म्हणाले, "ह्यो मास्तर कोण?"

कॉटवर बसून ज्यांनी रिक्षाची वर्गणी सांगितली होती, तेच गुरुजी.

पंचक्रोशीतल्या शाळांची तुलना करायला निघालेला माणूस फिरून फिरून इथंच येतो. 'शाळा कशी आहे?' या प्रश्नाला आमच्याकडं कुणी इमारतीचं उत्तर देत नाही. 'गुरुजी चांगले आहेत' किंवा 'आता ते गुरुजी राहिले नाहीत' अशीच उत्तरं येतात. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी लोक लांबलांबून येऊन थांबू लागले, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार घेऊन आले. पुरस्काराचे दहा लाख डॉलर होते. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. आबांना ती बातमी नीट आठवते. त्यांची एकच शंका होती, "त्या गावाला अजून एसटी जाती का?" गुरुजी मोठे झाले की पहिल्यांदा बदलीचंच मनात येतं. (एसटीचा आणि बदलीचा संबंध पुढं सांगतो.)

शंका रास्त होती. कायद्यात सहावी ते आठवीसाठी गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्र अशा विषयांचे शिक्षक, वर्षाला 220 दिवस शाळा, सगळं लिहिलेलं आहे. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती यांसाठी शिक्षकांना नेता येईल, हेही लिहिलेलं आहे, आणि आमच्याकडं या तिन्ही गोष्टी आळीपाळीनं चालूच असतात. गणिताचा माणूस मतदारयाद्या घेऊन फिरतो तेव्हा विज्ञान मराठीच्या बाई शिकवतात. त्या वर्षी पोरांना न्यूटनचे नियम येत नाहीत, पण ते शुद्धलेखनाच्या चुका न करता येत नाहीत. हे सगळं गाव खपवून घेतं. ज्याच्यापुढं गावाचं चालत नाही, ती बदली.

म्हणून दाजींनी 'केंद्रशाळाच' असं जाहीर केलं, पोराचा दाखला काढायचं ठरलं, तेव्हा आबांनी एकच प्रश्न विचारला. "त्या गुरुजीला हितं किती वर्सं झाली?"

सगळे गप्प. मुख्याध्यापकांनी परसबाग दाखवली होती, फळ्याचं कपाट दाखवलं होतं. हे कुणी विचारलंच नव्हतं. भाचीला माहीत होतं. ती पहिलीत असल्यापासून गुरुजी होते, आणि त्याच्या आधीपासूनही.

2017 च्या शासननिर्णयानंतर झेडपीच्या मास्तरांच्या बदल्या संगणकावर होतात. त्यात जिल्ह्याचे दोन भाग. लोकांच्या भाषेत सोपं क्षेत्र आणि अवघड क्षेत्र. सोप्या क्षेत्रात दहा वर्षं काढलेला बदलीपात्र. अवघड क्षेत्रात ठरावीक वर्षं काढलेल्याला हक्क, तो बदलीपात्राची जागा मागू शकतो. अशी जागा गेली की मास्तर लोक म्हणतात, 'खो बसला'. आमचं गाव सोपं. का, तर डांबरी रस्ता आहे आणि दिवसातून चार एसट्या येतात. दाजींना हे पटेना. "म्हंजे रस्ता झाला म्हणून मास्तर जाणार? मग आमदारानं नारळ कशाला फोडला?" आबा म्हणाले, "खड्डं पडू द्यायला पायजे हुतं."

मी पुणेकरी समतोलानं सांगून बघितलं की कोयनेच्या पाण्यापलीकडं, जिथं लाँचनं जावं लागतं आणि पावसाळ्यात चार महिने नेटवर्क नसतं, तिथल्या पोरांच्या समासातही कुणीतरी 'का?' लिहायला नको का? दाजी म्हणाले, "लिव्हायला पायजे. पण आमचंच पेन कशाला न्यायचं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ग्रामविकास खात्याकडं असेल.

बदल्यांच्या याद्या मेमध्ये येणार म्हणतात, जूनमध्ये येतात, कधी कधी गणपतीपर्यंत लांबतात. यंदा शाळा उघडायच्या आठवड्यातच आल्या. भाच्याचं नाव तोवर केंद्रशाळेच्या पटावर चढलं होतं, दप्तर आणि कंपासपेटी पोच झाली होती. गुरुजींना खो बसला होता. त्यांच्या जागी कोयनाकाठच्या एका दोनशिक्षकी शाळेतल्या बाई येणार होत्या. दाजींचा मला फोन आला. त्यांनी रडगाणं गायलं नाही, थेट कामाचं विचारलं. "पावणं, त्या बाईंचं काय कळतंय का? तिकडं कुणी वळखीचं?"

माझ्या ओळखीचं कोयनेकाठी कोण असणार? पण दाजींनी फोन ठेवला आणि तासाभरात त्यांचाच वाजला. तिकडच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बोलत होते. डोंगरावर चढून, रेंज धरून त्यांनी दाजींचा नंबर मिळवला होता. त्यांना आमच्या गुरुजींची चौकशी करायची होती. दोन्हीकडचे बाप एकाच कामाला लागलेले. आक्का सांगत होती, दाजी आधी उभे होते, मग कॉटवर बसले, मग मांडी घातली.

"गुरुजी लाख मानूस हाये," दाजी म्हणाले. "फक्त…"

पलीकडून काळजीचा आवाज आला. "फक्त काय?"

"पोरांच्या वह्या घरी न्हेत्यात आन् चार-चार दिस देत न्हाईत. आन् आमच्या बाई कशा?"

"बाई एक नंबर. फक्त आवाज लई मोठा हाये. पाण्याच्या पल्याड ऐकू जातो."

"असू द्या, असू द्या," दाजी म्हणाले. "आमचं बेनं तसंबी कमीच ऐकतंय."